चीन, आफ्रिका आणि कळमन्यातली तूर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरच्या कळमना मार्केटात डाळ-कडधान्याच्या दलालीत आहे. दिवसभर फोन, सॅम्पलच्या पुड्या आणि भाव. माझा भाचा एमपीएससी करून राह्यला, त्याच्या रूमवरची पोरं रविवारी तर्री पोहे खायला येतात आणि चीन-आफ्रिका-कर्ज असं काहीबाही विचारत बसतात. तेच प्रश्न दाल मिलवाले शेटजी विचारतात, काटोलचे सासरेबुवा विचारतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकलं.

चीन आफ्रिकेत काय करतो याच्याशी नागपूरच्या माणसाचं काय घेणंदेणं?

थेट म्हणाल तर काही नाही. पण मोठा देश लहान देशाशी व्यवहार करतो तेव्हा अटी कोण ठरवतो, माल कोणाचा, दरवाजा कोण उघडतो न कोण लावतो, हे एकदा समजलं की आपल्याच तुरीचा न संत्र्याचा भाव काहून पडला तेही कळायला लागते. आणि हो, या गोष्टीत आपण दर वेळी लहान बाजूलाच असतो असं नाही. ते खाली येईलच.

व्यापार नेमका किती आहे?

२००९ पासून आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी जोडीदार चीन आहे, त्याच्या आधी अमेरिका होती. २०२४ मध्ये दोन्हीकडचा मिळून २९५ अब्ज डॉलरच्या आसपास व्यापार झाला. त्यात चीनने विकलेलं साधारण १७९ अब्जाचं न आफ्रिकेकडून घेतलेलं ११७ अब्जाचं. म्हणजे आफ्रिकेच्या बाजूने साठ अब्जाच्या वर तूट.

ही तूट पाहून पोरं लगेच म्हणतात, पाहा, लुटून राह्यला. आता आपलं पाहा ना. २०२४-२५ मध्ये भारताची चीनबरोबरची तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली, एकट्या आपल्या देशाची! अख्ख्या आफ्रिका खंडापेक्षा जास्त. मग आपल्यालाही लुटलं म्हणायचं का? तूट म्हणजे लूट नाही, तुम्ही काय बनवता न काय नाही बनवत याचा तो हिशोब आहे.

जातं काय आणि येतं काय?

आफ्रिकेतून कच्चं तेल, तांबं, कोबाल्ट, लोखंडाचं खनिज, थोडा शेतमाल, तीळ वगैरे. तिकडे जाते मशिनरी, मोबाईल, कपडे, सोलर पॅनल, गाड्या. आपण इतवारीत जाऊन काय घेतो न आपला शेतकरी गाडीत भरून काय आणतो, तसंच. कच्चा माल विकायचा न पक्का विकत घ्यायचा.

कोबाल्टचं उदाहरण लक्षात ठेवा. जगातल्या कोबाल्टचा दोन तृतीयांशाच्या वरचा हिस्सा एकट्या काँगोतून निघतो, बॅटरीत लागतो. पण त्याचं रिफायनिंग बहुतेक चीनमध्ये होते, खाणींपैकीही कितीतरी चिनी कंपन्यांच्या हातात. कापूस यवतमाळचा न मिल दुसऱ्याची, हे आपल्याला काही नवीन नाही.

फोकॅक म्हणजे काय? ते दर वेळी एवढे अब्ज जाहीर करतात ते खरंच देतात का?

चीन आणि आफ्रिकी देशांचं सहकार्य मंच, २००० साली बीजिंगमध्ये सुरू झालं, दर तीन वर्षांनी बैठक होते. २०१५ ला जोहान्सबर्गमध्ये ६० अब्ज डॉलर जाहीर केले, २०१८ ला परत ६०, २०२१ ला डाकारमध्ये ४० वर आले, आणि सप्टेंबर २०२४ ला ३६० अब्ज युआन म्हणजे पन्नास अब्ज डॉलरच्या आसपास, तीन वर्षांसाठी.

आता हा आकडा फोडून पाहा. ३६० पैकी २१० अब्ज युआन क्रेडिट लाइन, म्हणजे कर्ज. ८० अब्ज वेगवेगळी मदत. उरलेले ७० अब्ज म्हणजे चिनी कंपन्या तिथे जी गुंतवणूक करतील ती. पेपरात मात्र हेडिंग येते "आफ्रिकेला ५० अब्ज दिले". दिले कुठे भाऊ, बहुतेक उधार आहे.

हे कर्ज असतं तरी कसं? पैसा हातात येतो का?

इथे थोडं थांबून वाचा, सगळी गंमत इथेच आहे.

चीनची एक्झिम बँक, म्हणजे आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक, जे सवलतीचं कर्ज देते त्याची साधारण धाटणी अशी की व्याज २ टक्के, मुदत वीस वर्षांच्या आसपास, सुरुवातीची पाच-सात वर्ष मुद्दल फेडायची नाही. ऐकायला मस्त. पण अट अशी की निदान अर्धा माल चीनकडून घ्यायचा न ठेकेदारही चिनी. म्हणजे बऱ्याचदा पैसा बीजिंगमधल्या बँकेतून बीजिंगमधल्याच कंपनीच्या खात्यात जातो. कर्जदार देशाच्या तिजोरीत रोकड येतच नाही, त्याच्याकडे येते रस्ता, धरण नाहीतर रेल्वे. आणि हप्ता.

केनियाची मोम्बासा-नैरोबी रेल्वे घ्या. २०१४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून दोन कर्जं घेतली, एक सवलतीचं न एक कमर्शियल, मिळून सव्वातीन अब्ज डॉलरच्या जवळपास, खर्चाचा ९० टक्के भाग त्यातून. काम चिनी कंपनीने केलं, २०१७ च्या मे शेवटी गाडी सुरू पण झाली, वेळेच्या आधी. लोक खरोखर बसतात तिच्यात. मग पुढचा टप्पा २०१९ ला नैवाशापर्यंत नेला आणि तिथे पैसे संपले. जायचं होतं युगांडाच्या सीमेपर्यंत, त्यात नैवाशा म्हणजे मधलंच एक गाव. मालगाडीचा धंदा ज्या हिशोबाने धरला होता तो युगांडापर्यंतचा, न हप्ता मात्र पूर्ण चालू. आपल्याकडे नाही का, विहिरीसाठी कर्ज काढलं, खोदून झाली, पाणी पण लागलं, पण मोटरपंपाला कनेक्शनच नाही!

दुसरी भानगड करारातल्या बारीक अक्षरांची. केनिया सरकारने या रेल्वेचे काही करार २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांसमोर ठेवले, तोवर कोणाला काही पत्ता नव्हता. वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये, कायदा चीनचा, करार गुप्त ठेवायचा. व्याज २ टक्के आहे का ५ हे सगळे विचारतात, कोर्ट कुठलं हे कोणी विचारत नाही.

तेल देऊन कर्ज फेडणं हा काय प्रकार आहे?

हे शेतकऱ्याच्या घरच्या पोराला एका वाक्यात समजते. अडत्याकडून उचल घेतली ना, तर माल त्याच्याच अडतीवर आणावा लागतो. झालं.

अंगोलाने २००४ मध्ये, गृहयुद्ध संपून दोनच वर्ष झाली होती, चीनकडून २ अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं न फेड तेलात. पाश्चात्त्य बँका तेव्हा दारात उभं करत नव्हत्या, किंवा हजार अटी घालत होत्या, चीन म्हणाला मी देतो. बरोबर अडत्यासारखं. बँक कागदं मागते, सातबारा मागते, तीन चकरा मारायला लावते. अडत्या रात्री फोन केला तरी देते. म्हणून शेतकरी त्याच्याकडे जाते, मूर्ख आहे म्हणून नाही. पण तेलाचा भाव २०१४ नंतर पडला तेव्हा तेवढ्याच हप्त्यासाठी अंगोलाला जास्त बॅरल द्यावे लागले. भाव पडला की उचल जड होते हे मी दर हंगामात पाहतो.

म्हणजे चीन जाणूनबुजून कर्जाच्या सापळ्यात अडकवते, बरोबर ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो न विचारणाऱ्याला उत्तर "हो" असंच पाहिजे असते. माझं मत वेगळं आहे.

श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर सगळे सांगतात. २०१७ मध्ये ते चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या लीजवर दिलं, त्याचे १.१२ अब्ज डॉलर आले, एवढं खरं. पण कर्ज फिटलं नाही म्हणून चीनने बंदर ओढून नेलं, असं नाही झालं. बंदराचं कर्ज तसंच राहिलं, आलेले डॉलर श्रीलंकेने आपली गंगाजळी भरायला वापरले, कारण दुसरे हप्ते अंगावर आले होते. आणि ते दुसरे हप्ते जास्त करून कोणाचे? पाश्चात्त्य बाजारात विकलेल्या बाँडचे, म्हणजे कर्जरोख्यांचे. एप्रिल २०२२ मध्ये देश बुडाला तेव्हा सगळ्यात मोठा बोजा त्या बाँडचाच होता, चीनचा त्याच्यापेक्षा कमी.

झांबियाचंही तसंच. नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला तो ४.२५ कोटी डॉलरचा, बाँडवाल्यांचा. पण गाडी अडकली कुठे तर बाँडवाले म्हणे तुम्हाला सूट दिली तर तुम्ही त्यातून चीनला फेडाल, न चीनची कर्जं गुप्त, त्यामुळे कोणाचं किती हेच कळेना. कर्ज देणाऱ्या सरकारांशी तडजोड व्हायला २०२३ उजाडलं, ६.३ अब्ज डॉलरची, त्यात चीनचा वाटा सगळ्यात मोठा. अडीच-तीन वर्ष देश लटकला.

तर सापळा लावला म्हणण्यापेक्षा मी म्हणेन की देणारा बेफिकीर न घेणारा त्याच्याहून बेफिकीर. निवडणुकीच्या आधी रिबन कापायची घाई सगळीकडेच असते, तिकडे काय न इकडे काय.

हे सगळं २०१३ च्या बेल्ट अँड रोडपासून, म्हणजे देशोदेशी रस्ते-रेल्वे-बंदरं बांधायच्या चीनच्या योजनेपासून सुरू झालं का?

नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामपासून झांबियापर्यंत १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे चीनने १९७० ते ७५ मध्ये बांधून दिली, बिनव्याजी कर्जावर, जेव्हा चीन स्वतःच गरीब होता. पश्चिमेने नाही म्हटलं होतं या रेल्वेला. तिकडचे म्हातारे लोक चीनबद्दल बरं बोलतात त्याच्यात या रेल्वेचा मोठा वाटा आहे, आपण मात्र फक्त व्याजाचे टक्के पाहतो.

आता चीन कमी कर्ज देतो म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. बोस्टन युनिव्हर्सिटीवाले हा हिशोब ठेवतात. २००० ते २०२३ मध्ये आफ्रिकेला मिळून १८२ अब्ज डॉलर दिले, त्यातला कळस २०१६ मध्ये, एका वर्षात २८ अब्जाच्या वर. २०२२ मध्ये आकडा एक अब्जाच्या आसपास घसरला, २०२३ मध्ये थोडा वर येऊन ४.६ अब्ज. हात पोळले, घरची मंदी, म्हणून आता "लहान पण सुंदर" प्रोजेक्ट असं त्यांचंच धोरण आहे.

गरीब देशाला यात काही बोलता येते का, की नुसतं सही करायचं?

येते, पण हातात काहीतरी पाहिजे. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल बाहेर पाठवणं बंद केलं. पाहिजे तर इथे येऊन कारखाना टाका. चिनी कंपन्या आल्या, सुलावेसी बेटावर मोरोवालीत एवढे स्मेल्टर (धातू गाळायचे कारखाने) झाले की गावाचं शहर झालं. युरोपियन युनियन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलं, केस जिंकलं पण, इंडोनेशियाने त्यावर अपील केलं न धंदा चालू ठेवला. हां, ते स्मेल्टर कोळशाच्या विजेवर चालतात, समुद्र गढूळ झाला, कामगार अपघातात मेले. चंद्रपूर पाहिलेल्या माणसाला जास्त समजवावं लागणार नाही.

काँगोनेही २००८ चा खाणींच्या बदल्यात रस्ते हा करार २०२४ मध्ये उघडून परत बोलणी केली, रस्ते वगैरेचा आकडा ३ अब्जावरून ७ अब्ज डॉलरवर नेला. सोळा वर्षांनी का होईना. झिंबाब्वेने कच्चं लिथियम २०२२ च्या डिसेंबरमध्ये अडवलं. एकेकट्या देशाची ताकद कमी पडते, पण खनिज एकाच जागी असलं की समोरचा ऐकतो. तीळ विकणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

चीनने आयात ड्युटी शून्य केली ना? मग आफ्रिकेचा माल धडाधड जाईल?

१ डिसेंबर २०२४ पासून सगळ्यात गरीब देशांच्या सगळ्या मालावर शून्य ड्युटी केली, त्यात आफ्रिकेतले ३३ देश. जून २०२५ मध्ये म्हणाले की आता ५३ देशांना देऊ, म्हणजे एस्वातिनी सोडून सगळ्यांना, कारण एस्वातिनीचे संबंध तैवानशी आहेत.

पण ड्युटी शून्य म्हणजे दरवाजा उघडला एवढंच, उंबरठा तसाच आहे. केनियाच्या ताज्या अवोकाडोला चीनमध्ये जायची परवानगी मिळायला २०२२ उजाडलं, बागेची तपासणी, पॅकहाऊसची तपासणी, किडीची तपासणी. फळवाल्यांना विचारा, ड्युटीपेक्षा तो कागद जास्त रडवते.

आणि अमेरिका काय करते?

२००० साली आगोआ कायदा केला, आफ्रिकी देशांचा माल बिनड्युटी. लेसोथोसारख्या देशात जीन्सचे कारखाने त्याच्यावर उभे राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा तिथल्या शिलाईवाल्या बायकांच्या जिवाला घोर. कायदा दुसऱ्याच्या संसदेत न रोजी आपली, असा प्रकार आहे.

भारत तरी काय वेगळं करतो?

हे ऐकून पोरं जरा गप्प होतात. आपली एक्झिम बँकही आफ्रिकी देशांना लाइन ऑफ क्रेडिट देते न त्यात साधारण अट अशी की ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्या. चीन अर्धा म्हणतो! २०१५ च्या दिल्लीतल्या आफ्रिका समिटमध्ये आपण पाच वर्षांसाठी १० अब्ज डॉलर सवलतीचं कर्ज न ६० कोटी डॉलर अनुदान जाहीर केलं. २००८ पासून गरीब देशांना ड्युटीत सवलतही आहे. चांगलंच आहे, पण मग चीनला नावं ठेवताना जरा हळू.

नागपूर मेट्रो चीनची आहे ना?

डबे चीनचे, डालियनच्या सीआरआरसी कंपनीचे, ६९ डब्यांचं कंत्राट २०१६ मध्ये ८५१ कोटींचं. कर्ज मात्र जर्मनीच्या केएफडब्ल्यू न फ्रान्सच्या एएफडी बँकेचं, ५० कोटी न १३ कोटी युरो. म्हणजे कर्ज देणाऱ्याच्याच देशातून डबे घ्या अशी अट नव्हती. बर्डीवरून खापरीला जाताना हे आठवा, नैरोबीच्या गाडीत न आपल्या गाडीत एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

तुरीचं काय? तुम्ही दर वेळी मोझांबिकवरच येता.

येणारच, पोट त्याच्यावर आहे.

२०१५ मध्ये तूर डाळ दोनशे रुपये किलो झाली होती, आठवते ना. सरकार घाबरलं, जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला की तुमची तूर आम्ही घेऊ, पहिल्या वर्षी एक लाख टन, मग वाढवत वाढवत दोन लाख. तिकडे तूर खाणारे थोडे, पेरायची ती मुख्य आपल्यासाठीच. शेतकऱ्यांनी पेरली.

आणि त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, आपल्याकडे ४८ लाख टनाच्या वर तूर झाली. २०१७ चा तो हंगाम मी विसरत नाही. हमीभाव क्विंटलला ५,०५० न मार्केटात चार हजाराच्या आसपास, सरकारी खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग, बारदाना नाही म्हणून खरेदी बंद, लोक ट्रॅक्टरखाली झोपलेले. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर दोन लाख टनाची मर्यादा टाकली. इकडे आम्ही म्हटलं सुटलो. तिकडे मोझांबिकमध्ये भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी निघेना. त्यांच्यासाठी आपण कोण? आपणच तो मोठा देश, ज्याच्या एका नोटिफिकेशनवर गाव उठते न बसते.

मग मे २०२१ मध्ये आयात परत मोकळी केली, मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. २०२४-२५ मध्ये बारा लाख टनाच्या वर तूर बाहेरून आली. आफ्रिकेचा माल निघतो ऑगस्ट-सप्टेंबरात, इथे पोचतो नेमका आपल्या नव्या मालाच्या तोंडावर. हमीभाव ७,५५० असताना कळमन्यात त्याच्या खाली सौदे मी स्वतः लिहिले, चिठ्ठीवर आकडा टाकताना शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहवत नाही.

आणि भरवसा तिकडूनही नाही. २०२३ च्या शेवटी तिकडच्या बंदरात निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात माल अडकला, आमच्या एका पार्टीचेही कंटेनर त्यात, पैसे दिलेले, माल धक्क्यावर. शेटजी रोज सकाळी विचारायचे, निघालं का? मी काय सांगू, मला नकाशात ते बंदर भाच्याने दाखवलं.

मोझांबिकची तूर न गावरानी तूर ओळखू येते का?

आम्हाला येते. दोन्ही पुड्या तळहातावर ओता, तिकडची गजरी दिसायला बारीक, टांझानियाची अरुषा वेगळी, बर्माची लेमन तर लगेच कळते. मिलमधून पॉलिश होऊन निघाली की देव पण नाही ओळखणार. बायको म्हणते वरणाला चव गावरानीचीच, मी तिच्याशी वाद घालत नाही.

मग आयात बंदच करायला पाहिजे का?

शेतकऱ्याला विचाराल तर हो, शहरातल्या बाईला विचाराल तर नाही. माझं म्हणणं एवढंच की काय करणार ते पेरणीच्या आधी सांगा, जूनमध्ये, न वर्षभर बदलू नका. अमरावतीच्या न मोझांबिकमधल्या नाम्पुलाच्या, दोन्ही शेतकऱ्यांचं भलं त्यात आहे.

संत्र्याचं काय झालं?

इथे उलटं. बांगलादेश आपल्या नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, न त्यांनी ड्युटी वाढवत नेली, किलोला २० टका (त्यांचं चलन) होती ती ८८ टकावर नेली. वरूड-मोर्शी-काटोलच्या बागा बसल्या. सासरे म्हणतात एवढासा देश न आपल्याला दाबते! मी म्हटलं मामा, गिऱ्हाईक एकच ठेवलं की तो एवढासा असला तरी मोठाच असतो. दोन दिवस बोलले नाही माझ्याशी.

शेवटचं, वर्षभराची तूर आत्ता भरून ठेवू का?

नको. जानेवारी शेवटी नवीन गावरानी येते, तेव्हा घ्या, दोन उन्हं दाखवा, कडुलिंबाचा पाला टाका. आणि भाव विचारायला सकाळी फोन करू नका, लिलाव चालू असते.